बरोबरीत सुटलेला डाव

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



‘मोठी आली पुरुषांशी बरोबरी करणारी!’ हा टोमणा आपण प्रत्येकीने ऐकला आहे. आज मी बुद्धिबळातल्या बरोबरीविषयी बोलणार आहे.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. समोरासमोर दोघी भारतीय : नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची ३८ वर्षांची कोनेरू हंपी. पहिला डाव बरोबरीत सुटला, दुसराही. अशा वेळी ‘काहीच निकाल लागला नाही’ असे म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती, दुसऱ्यात हंपीकडे. पहिली चाल जिची, तिचे पारडे थोडे जड. तरी काळ्या मोहऱ्यांनी दोघींनीही तग धरला. बरोबरीचा अर्धा गुण कोणी दान देत नाही, तो तासन्‌तास बसून राखावा लागतो. अखेर जलद डावांत दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.

हंपी २०१७ साली आई झाली, काही काळ खेळापासून दूर राहिली, परतली आणि २०१९ व २०२४ मध्ये जलद बुद्धिबळात जगज्जेती ठरली. दिव्याने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, की प्रेक्षक आपल्या चालींपेक्षा कपडे, केस, बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. मग पटाबाहेर बरोबरी कुठे आहे? बातुमीच्या विजेतीला ५० हजार डॉलर; त्याच वर्षी गोव्यातल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १ लाख २० हजार!

‘मग बायकांच्या वेगळ्या स्पर्धा हव्यात कशाला?’ असे विचारले जाते. माझ्या मते त्या राखीव जागांसारख्या आहेत : आत शिरायचे दार, कुंपण नव्हे. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर १३व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले, की स्त्रियांना अडवता येणार नाही.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. मंडळाच्या खोलीत कॅरम आणि बुद्धिबळाचा पट मुलांच्या ताब्यात असतो. त्याच वेळी मुलगी पाणी भरत असते, धाकट्याला सांभाळत असते. तिला चाली शिकवणे सोपे आहे. संध्याकाळचा एक तास मिळवून देणे अवघड. म्हणून आधी घराघरांतून तो तास मागू या. आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडू या : आठवड्यातले तीन दिवस खोली मुलींची.