तासाला साठ रुपये, मग वर्षाला हातात किती?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



आज आधी माझीच एक चूक सांगते. मागच्या वर्षी एका ताईने गटाकडे कर्ज मागितलं. तिला एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम लागलं होतं, तासाला ६० रुपये. बैठकीत हिशोब झाला. ८ तासांचे ४८०, ३० दिवसांचे १४,४००. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. हप्ता ठरला महिन्याला ५,०००. चौथ्या महिन्यात हप्ता थकला आणि ताई बैठकीला यायची बंद झाली. घरी गेले तर म्हणाली, "मॅडम, कुठल्या तोंडाने येऊ?"

ताई खोटं बोलली नव्हती. चुकला होता आपला हिशोब. तो आज नीट करू. वह्या काढा.

वर्षाचे दिवस ३६५. रोजंदारीत आठवडी सुट्टीचा पगार बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून ५२ वजा. राहिले ३१३. पेरणी, काढणी, सण, लग्नकार्य, लेकराचं दुखणं... याचे खाडे ३३ धरू. कामाचे दिवस राहिले २८०.

२८० गुणिले ४८० म्हणजे १,३४,४००. ही वर्षाची मजुरी. आता कपात.

पीएफ १२ टक्के: १६,१२८.
ईएसआय पाऊण टक्का: १,००८.
हातात आले: १,१७,२६४.

जीपचं जाऊन-येऊन भाडं रोज ४० रुपये. त्याचे ११,२०० गेले. उरले १,०६,०६४. बाराने भागा. महिन्याला साधारण ८,८००.

आपण धरले होते १४,४००. फरक ५,६०० चा, आणि हप्ता होता ५,००० चा! म्हणजे जो पैसा घरात येतच नव्हता, त्यातून आपण हप्ता मागत होतो.

आता टॅक्सचं. एवढ्या कमाईवर आयकर लागत नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला ४ लाखांपर्यंत करच नाही. व्यवसाय कर म्हणतात तोही महाराष्ट्रात महिलेला महिना २५,००० पगारापर्यंत माफ आहे. म्हणून कुणी "टॅक्स कापला" म्हणालं, तर गप्प बसू नका. पगार पावती मागा, कशाचे कापले ते विचारा.

पीएफ मात्र बुडालेला पैसा नाही. आपल्याइतकाच वाटा मालकाला भरावा लागतो. त्यातला काही आपल्या पेन्शनमध्ये जातो. ईएसआयमधून आपल्यावर आणि घरच्यांवर उपचार होतात, बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळतात. पण हे कधी? कापलेले पैसे खरंच भरले तर. म्हणून पहिल्याच महिन्यात यूएएन नंबर आणि ईएसआय कार्ड मागून घ्या, आणि पीएफचं पासबुक मोबाईलवर बघत जा. स्वतःला जमत नसेल तर सीआरपी ताईला सांगा.

यापुढे पगारावर कर्ज देताना गटाने चार प्रश्न विचारायचे:
१. वर्षात कामाचे दिवस किती?
२. कपात किती, कशाची?
३. जाण्यायेण्याचा खर्च किती?
४. पावसाळ्यात, सुगीत काम चालू राहतं का?

हे विचारलं म्हणजे ताईवर अविश्वास दाखवला असं नाही. न विचारता हप्ता ठरवला, तर मान खाली घालायची वेळ तिच्यावर येते.

त्या ताईचा हप्ता गटाने २,५०० केला, मुदत वाढवून दिली. आता ती दर बैठकीला येते आणि हप्ता वेळेवर भरते.

घरी गेल्यावर आपापल्या मजुरीचा असा हिशोब एकदा मांडा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आपण मिळून बघू.