खारवलेल्या मासळीतलं पाणी ओळखा

आगोट जवळ आली की आपल्या खारेपाटात घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. लाकूडफाटा, कांदे आणि त्याबरोबर सुकी मासळी. लावणीच्या दिवसांत भाकरीला खारा बांगडा हाच आधार. पण वडखळच्या बाजारात घेतलेला बांगडा श्रावणापर्यंत टिकेल की आषाढातच लाल पडेल? पैसे तर आपण आधीच मोजलेले असतात.

मासळी बिघडते ती तिच्यातल्या पाण्यामुळे. हे पाणी दोन तऱ्हेचं असतं : काही मोकळं, काही मांसाने घट्ट धरलेलं. जंतू वाढतात ते मोकळ्या पाण्यावर. मीठ ते पाणी ओढून बाहेर काढतं, आणि जे उरतं ते जंतूंच्या कामाचं ठेवत नाही.

मासा न कापता हे पाणी पाहण्याची एक रीत आहे. तिला चुंबकीय अनुनाद म्हणतात. या शोधाबद्दल १९५२ साली ब्लॉक आणि पर्सेल यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दवाखान्यातलं एम. आर. आय. यंत्र याच तत्त्वावर चालतं. पाण्यातल्या हायड्रोजनचे कण बारीक चुंबकासारखे असतात. मासळी मोठ्या चुंबकात ठेवून तिच्यावर रेडिओच्या लहरी सोडल्या की हे कण चाळवतात आणि मग शांत होतात. मोकळं पाणी सावकाश शांत होतं, धरलेलं पाणी चटकन. त्यावरून दोन्हींचा अंदाज येतो. मिठातलं सोडियमसुद्धा असंच पाहता येतं. नॉर्वेच्या संशोधकांनी खारवलेल्या कॉड माशावर असे प्रयोग केले आहेत.

हे यंत्र काही आपल्या ओट्यावर येणार नाही. पण त्यातून घ्यायचा धडा सोपा आहे. मीठ बाहेरून आत हळूहळू सरकतं. वरून कडक दिसणारा तुकडा काट्याजवळ ओला असू शकतो. म्हणून घेताना जाड भाग दाबून, उघडून बघा.

घरी खारवायचं असेल तर एवढं करा :

१. मासळी ताजीच घ्या. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन हे विषारी द्रव्य तयार होतं. ते मिठाने जात नाही, शिजवूनही जात नाही.

२. पोट साफ करून मासा पाठीतून उघडा. जाड मांसाला चिरा द्या.

३. तीन-चार किलो मासळीला एक किलो स्वच्छ, कोरडं मीठ वापरा. कडवट, ओल धरणारं मीठ नको. एकदा वापरलेलं मीठ पुन्हा घेऊ नका.

४. वाळूवर नव्हे, बांबूच्या मांडवावर जाळी पसरून वाळवा.

आता लाल पडण्याबद्दल. हे मीठ मानवणाऱ्या जंतूंचं काम. ते मिठाबरोबरच येतात, म्हणून वरून आणखी मीठ चोळून उपयोग नाही. त्यांना रोखतो तो कोरडेपणा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढू लागतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर हेच चालतं. तेव्हा मासळी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि उघडीप मिळताच ऊन दाखवा. लाल, चिकट किंवा उग्र वासाची मासळी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आणि रांधण्यापूर्वी मासळी पाण्यात भिजवून मीठ कमी करा. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हे विसरू नका.