दुसऱ्या पसंतीची गोष्ट
(मंडळाच्या वेम्बली येथील युवक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थी संघटनेची निवडणूक कशी लढवावी, हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हाच मागच्या रांगांतल्या पालकांच्या कपाळावर आठ्या पडणार हे मी धरून चाललो होतो. "शिकायला पाठवलंय की पुढारी व्हायला?" हे वाक्य आपल्या घरांत अजून चलनात आहे, आणि त्याला कारणही आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तिकडच्या कॉलेजांतल्या निवडणुकीच्या मारामाऱ्या पाहिल्या. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर शिकलेल्यांनी तर निवडणूकच पाहिली नाही, कारण प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुका परत आल्या, त्या कागदावर. २०१९ साली घ्यायच्या ठरल्या आणि लांबणीवर पडल्या.

गंमत बघा, त्याच १९९४ साली इथल्या पार्लमेंटने एज्युकेशन ॲक्ट केला. त्यात म्हटलंय की स्टुडंट्स युनियनची प्रमुख पदं सर्व सभासदांच्या गुप्त मतदानानेच भरायची, आणि पगारी पदावर कुणी एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचं नाही. पगारी! पालकांनी हा शब्द नीट ऐकावा. ही एका वर्षाची पूर्ण वेळ नोकरी असते. भारतातून स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलांनाही ती करता येते.

आता मतदानाकडे येऊ. बहुतेक युनियनमध्ये एका नावापुढे फुली मारून भागत नाही. १, २, ३ असे आकडे घालायचे असतात. लंडनकरांना याची थोडी सवय होती. २००० पासून २०२१ पर्यंत महापौराच्या निवडणुकीत आपण पहिली आणि दुसरी अशा दोन पसंती देत होतो. २०२४ पासून ते गेलं, आता एकच फुली. युनियनमध्ये मात्र पसंतीक्रम टिकून आहे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटली जातात. कुणीतरी निम्मं ओलांडेपर्यंत हेच चालतं.

याचा सगळ्यात नाट्यपूर्ण प्रयोग २०१० साली लेबर पक्षाच्या नेतेपदासाठी झाला. दोन सख्खे भाऊ, डेव्हिड आणि एड मिलिबँड. (त्यांच्या आईची मला फार कीव आली होती.) खासदार, सभासद आणि कामगार संघटना अशा तीन गटांची ती मोजणी होती. पहिल्या फेरीत डेव्हिडला ३७.७८ टक्के, एडला ३४.३३. डायन ॲबट, अँडी बर्नहॅम, एड बॉल्स एकेक करून बाद होत गेले, तरी डेव्हिड पुढेच. आणि शेवटच्या फेरीत एड ५०.६५ टक्क्यांवर! चार फेऱ्यांपैकी तीन फेऱ्या जो पुढे होता, तो हरला. हरलेल्यांच्या मतदारांना जो जास्त चालण्यासारखा होता, तो जिंकला.

म्हणून आपल्या मुलांना माझं पहिलं सांगणं असं, की 'आपली माणसं' हे भांडवल आहे, पण तेवढ्यावर दुकान चालत नाही. एका युनिव्हर्सिटीत मराठी मुलं असून असून किती असणार? त्यांची पहिली पसंती धरा, दोन दिवसांत ते काम उरकेल. उरलेला वेळ जिथे आपल्याला पहिली पसंती मिळणारच नाही तिथे घालवा. हे ऐकायला उलटं वाटतं. गुजराती सोसायटीचा स्वतःचा उमेदवार उभा आहे, मग तिकडे कशाला जायचं, असं मुलं विचारतात. अरे, म्हणूनच जायचं! "तुझी पहिली पसंती तुझ्या मित्राला दे, ते योग्यच आहे. दुसरी मला देशील का?" हे वाक्य म्हणायला लाज वाटू देऊ नका.

समोरचा लगेच शंका काढतो, की दुसरी पसंती दिली तर माझ्या मित्राचं नुकसान नाही का? नाही. एकाच पदाच्या या मोजणीत तुमची दुसरी पसंती तुमचा पहिला उमेदवार बाद झाल्याशिवाय कुणी बघतसुद्धा नाही. हे शांतपणे समजावून सांगणारा उमेदवार निम्मं काम तिथेच करतो. जे एकच आकडा घालतात, त्यांचा उमेदवार बाद झाला की त्यांचं मतही मोजणीतून बाहेर पडतं.

यातूनच दुसरी गोष्ट येते: प्रतिस्पर्ध्याची निंदा महाग पडते. सभ्यपणा म्हणून मी हे सांगत नाही, चक्क हिशेब म्हणून सांगतो. ज्याला तुम्ही आज व्यासपीठावर झोडपलंत, त्याचे मतदार तुम्हाला दोन नंबर का देतील?

पण दुसरी पसंती मागण्यातही धोका असतो, आणि त्याची गोष्ट आपल्याच माणसाची आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. एकीकडे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, दुसरीकडे व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. केंब्रिजला शिकलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा त्या पक्षांकडे गेले आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. हिशेब अचूक होता. पण इंदिराबाईंच्या गटाने तेवढंच धरलं, की बघा, हे विरोधकांशी संधान बांधतात! आणि सदसद्विवेकबुद्धीने मत द्या, अशी हाक गेली.

मोजणीत गिरींना ४,०१,५१५ मूल्याची पहिल्या पसंतीची मतं मिळाली, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. देशमुख बाद झाल्यावर त्यांची बहुतेक मतं खरंच रेड्डींकडे गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे निजलिंगप्पांनी दुसरी पसंती मिळवली, पण स्वतःच्या घरातली पहिली गमावली. माझ्या मते या पद्धतीवरचा याहून चांगला धडा कुठल्याही पुस्तकात नाही. तेव्हा कुणाशी अदलाबदलीचं बोलणं करायचं असेल, तर आधी आपल्या माणसांना विश्वासात घ्या. त्यांना ते पोस्टरवरून कळता कामा नये.

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा याच तऱ्हेने, पसंतीक्रमाने भरतात. २०१८ आणि २०२४, दोन्ही वेळा दहाच्या दहा युवा सेनेने जिंकल्या. तिथली खरी लढाई मतदानाच्या कितीतरी आधी, पदवीधरांची नोंदणी करून घेण्यात होते. इथे नोंदणीचा प्रश्न नाही, प्रत्येक विद्यार्थी आपोआप मतदार असतो. प्रश्न असतो मत द्यायला लावण्याचा. नर्सिंगची मुलं हॉस्पिटलात प्लेसमेंटवर असतात, पीएच.डी.वाले लॅबमध्ये, पार्टटाइमवाले संध्याकाळी येऊन जातात. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही जा.

एक 'उमेदवार' मात्र प्रत्येक मतपत्रिकेवर असतो आणि तो प्रचार न करता मतं खातो. त्याचं नाव रॉन, म्हणजे 'अर्ज पुन्हा मागवा'. एकटेच उभे आहात म्हणून निवांत राहू नका, रॉन जिंकला तर सगळं पहिल्यापासून.

आणि पालकांनो, मतदान आता ऑनलाइन असतं, दोन-चार दिवस चालतं. तुमचा मुलगा उभा असेल तर त्याला एवढं बजावा, की मित्राच्या हातातला फोन घेऊन त्याचं मत आपण टाकायचं नाही, तो टाकत असताना खांद्यावरून डोकावायचंही नाही. तक्रार झाली तर उमेदवारी रद्द होऊ शकते. खर्चाची मर्यादाही ठरलेली असते, तेव्हा मामाने कौतुकाने छापून दिलेले टी-शर्टसुद्धा हिशेबात धरावे लागतात. नियमपत्रक प्रत्येक युनियनचं वेगळं असतं. अर्ज भरण्याआधी ते वाचा. या निवडणुका बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीत घरी याल तेव्हाच जाहीरनामा लिहायला बसायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेतो. तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे.