चेंडू नक्की कुठे आहे?

मागच्या भागानंतर एका मित्राने विचारलं, दोन्ही थिअऱ्या आपापल्या जागी चोख चालतात, मग जोडायचा अट्टहास कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. चालत्या कोडला कोण हात लावतं?

पण १९५७ साली चॅपल हिलच्या परिषदेत फाइनमनने खुट्टी मारली. समजा, क्वांटमच्या नियमाने एक छोटा चेंडू इथे आणि तिथे, अशा दोन्ही अवस्थांत एकदम आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण कुठून ओढणार? आइन्स्टाइनच्या समीकरणांत वस्तुमान कुठे आहे ते नक्की सांगावं लागतं. 'दोन्हीकडे' हे उत्तर तिथे बसतच नाही.

२०१७ मध्ये दोन गटांनी प्रयोग सुचवला: दोन सूक्ष्म वस्तू, मध्ये फक्त गुरुत्व. त्या एकमेकींत गुंतल्या, तर गुरुत्वही क्वांटमच, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच, हे बल इतकं क्षीण की हवेचा एखादा रेणू आपटला तरी सगळं बिघडतं.