धुणाऱ्याची सही

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामगारांच्या प्रश्नावर बोल, असा निरोप होता. प्रश्न ढीगभर आहेत. मी एकाच कामावर बोलणार. धुण्यावर. औषधाच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मी ठेक्यावर टाक्या, नळ, यंत्रं धुतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण उद्या परत तिथंच जायचंय.

तुम्ही म्हणाल, धुण्यावर काय भाषण करायचं? आज्यापंज्यापासून आपल्याकडून हेच करून घेतलं. यातून सुटायला तर आपण शिकलो. कबूल. पण हे काम नेमकं काय आहे हे समजून न घेता त्याच्याकडं पाठ फिरवली, तर फायदा ठेकेदाराचाच होतो.

तुम्ही तापाची गोळी गिळता. ती ज्या यंत्रातून निघाली त्यातून काल रक्तदाबाची निघाली होती, उद्या साखरेची निघेल. यंत्र तेच. मधे कोण? मधे आम्ही. कालच्या औषधाचा अंश आजच्या गोळीत जाऊ नये म्हणून रात्रभर जे चालतं, ते आमचं काम. पेनिसिलीनचा तर कारखान्यांना इतका धसका की त्याची जागा, हवा, यंत्रं सगळी वेगळी ठेवावी लागतात. ज्याला ते सोसत नाही, त्याचा जीव कणभरानंही जाऊ शकतो.

धुणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. त्याला चार गोष्टी लागतात : रसायन, उष्णता, वेळ नि घासण्याचा जोर. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. दुधाच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. आधी साधं पाणी. मग एक-दोन टक्क्यांचा कॉस्टिक सोडा, ७०-८० डिग्रीला तापवलेला. त्यानं चरबीचा साबण होतो, प्रथिनं सुटतात. मग पाणी. मग पातळ नायट्रिक ॲसिड, कारण दुधातल्या क्षारांची पांढरी खपली सोड्याला दाद देत नाही. परत पाणी. जंतू मारायचं औषध सगळ्यात शेवटी. मळावरच क्लोरीन ओतलं तर क्लोरीन मळातच संपतं नि खालचे जंतू मजेत राहतात. आधी धू, मग मार. हा क्रम ज्याच्या हाताला माहीत आहे त्याला कागदावर 'अकुशल' म्हणतात!

आता पंप आले, टाकीत फवारणारे गोळे आले, नळ आपोआप धुतले जातात. तरी माणूस लागतोच. जंतू पोलादाला चिकटतो, चिकट थर विणतो नि त्या थराआड वसाहत करतो. वरून कितीही औषध ओता, आतले जगतात. ही वसाहत कुठं होते? गॅस्केटच्या खाचेत, व्हॉल्व्हच्या पोटात, पाणी फिरत नाही अशा नळाच्या आंधळ्या तुकड्यात. तिथं पाना लागतो, ब्रश लागतो, बघणारा डोळा लागतो. २००८ मध्ये कॅनडात मेपल लीफ कंपनीच्या कापलेल्या मांसातून लिस्टेरिया जंतू पसरला. तो मांस कापणाऱ्या यंत्रांच्या आत खोल बसला होता. यंत्रं धुतली जात होती, पण धुणं तिथवर पोचत नव्हतं. २२ माणसं मेली.

आता दुसरा मुद्दा. या देशात 'शुद्ध' नि 'स्वच्छ' या दोन शब्दांची मुद्दाम गल्लत केलीय. शुद्ध कोण ते जन्मावर ठरतं. स्वच्छ काय ते मोजता येतं. आमच्याकडं यंत्र धुऊन झालं की दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद जागेवर बोळा फिरवतात. बोळा प्रयोगशाळेत जातो, तिथून आकडा येतो. आकडा हद्दीत असला तर यंत्र स्वच्छ. त्या आकड्याला आडनाव नसतं.

आता महाड आठवा. २० मार्च १९२७. बाबासाहेब नि आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. तळं बाटलं म्हणून पुढं सवर्णांनी काय केलं? त्यात पंचगव्य ओतलं. म्हणजे शेण आलं, गोमूत्र आलं. वर मंत्र म्हटले. झालं तळं शुद्ध! आजचं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू सापडता कामा नये. हा जंतू आतड्यात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो. माणसाच्या तसाच गाईच्याही. त्या शुद्ध केलेल्या पाण्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेत आणली असती तर काय शेरा आला असता ते तुम्हीच सांगा.

इंजेक्शन भरायच्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत झाकून जावं लागतं. औषध जिथं उघडं असतं तिथं एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे नि त्याहून मोठे कण ३५२० च्या वर चालत नाहीत. माणूस म्हटला की त्याची कातडी झडणारच. जानवं घातलेल्याचीही झडते. त्या खोलीच्या नियमात सगळी माणसं सारखीच मळकी. मला ती खोली त्यासाठी आवडते.

खोलीबाहेर आलं की मात्र जुना हिशेब सुरू. टाकी मी धुतो, नोंदवहीत 'धुतली' या रकान्यात सही कायम माणसाची. धुण्याची पद्धत इंग्रजीत लिहिलेली, भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली. आम्हाला ती तोंडी कळते, जुन्याकडून नव्याला. चूक निघाली की बोट आमच्याकडं, तपासणी पास झाली की पेढे ऑफिसात.

आणि हे फक्त इथलं नाही. अमेरिकेत कत्तलखान्यांतली यंत्रं रात्रपाळीत धुणारी एक मोठी ठेकेदार कंपनी आहे, तेव्हाचं नाव पॅकर्स सॅनिटेशन. २०२३ मध्ये तिथल्या श्रम खात्यानं जाहीर केलं की आठ राज्यांत, तेरा ठिकाणी तिनं किमान १०२ पोरं कामाला लावली होती. वयं १३ ते १७. रात्री हाडं चिरणाऱ्या करवती धुवायच्या. काहींना इजा झाल्या, रसायनानं भाजलं. दंड किती? १५ लाख डॉलर. जगात कुठंही जा, स्वच्छ माल दिवसा दिसतो नि धुणारा रात्रीत गाडलेला असतो.

आता कायदा ऐका, कारण लढाई तिथं आहे. औषधांचा १९४० चा कायदा, कलम १७-अ. घाण मिसळू शकेल अशा अस्वच्छ स्थितीत बनवलेलं औषध भेसळीचं धरायचं. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलेलं शेड्यूल एम सांगतं, साफसफाई लेखी पद्धतीनं करा, ती पुरेशी होते हे सिद्ध करा, नोंद ठेवा. म्हणजे धुणं नाही तर औषध नाही.

दुसरा कायदा कामगारांच्या सुरक्षेची नि कामाच्या स्थितीची २०२० ची संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. ती म्हणते, काही अपवाद सोडून मुख्य कामात ठेका चालणार नाही. वाचून बरं वाटतं. पण मुख्य कामाची व्याख्या वाचा. झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं, कचरा उचलणं : कारखाना त्याचसाठी काढलेला नसेल, तर ही कामं आवश्यक धरायची नाहीत!

बघा राव, एकाच देशाचे दोन कायदे. गोळीचा प्रश्न आला की धुणं म्हणजे जीव. मजुरीचा प्रश्न आला की धुणं म्हणजे किरकोळ. 'साफसफाई' या एका शब्दात झाडू मारणाराही बसवता येतो नि टाकी धुणाराही. दोघांनाही एकाच दारानं बाहेर काढता येतं.

या दारात आपण पाय घालायचा. यंत्र धुणं हा उत्पादनाचाच भाग आहे, हे सिद्ध करायला आपल्याला वेगळा पुरावा नको. त्यांचीच नोंदवही पुरे. सरकारी तपासनीस आला की मालकच ती पुढं करून सांगतो, धुतल्याची नोंद झाल्याशिवाय आम्ही पुढची बॅच घेत नाही. हेच वाक्य आपण कामगार कोर्टात वाचून दाखवायचं.

म्हणून आपलं मागणं साधं आहे. जो धुतो त्याची सही. धुण्याची पद्धत मराठीत, हिंदीत. शिकवणं नि शिकल्याचा दाखला. टाकीत उतरण्याआधी प्राणवायू मोजायचा, बाहेर एक माणूस दोर धरून उभा. हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो, १९.५ च्या खाली असला तर उतरायचं नाही. टाकीत भरलेल्या नायट्रोजनला ना वास ना रंग, माणूस ओरडायच्या आत पडतो. गटार असो की चकचकीत पोलाद, आत मरणारा आपलाच असतो. आणि शेवटचं मागणं : कायम नोकरी.

तुमच्यातले काही फार्मसी शिकताहेत, काही केमिस्ट्री. उद्या क्वालिटीच्या टेबलाशी बसाल. बसाच, ते टेबल आपलंही आहे. पण 'धुतली' या रकान्यात सही करायला पेन उचलाल तेव्हा खाली उतरून या नि विचारा, कुणी धुतली? मग पेन त्याच्या हातात द्या.

जय भीम!