वही कोणाच्या हाती?

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपूरकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या पात्र सोडून महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ८०हून अधिक माणसे दरडीखाली गेली. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी मी नदीकाठच्या एका गावात गेलो होतो. दारोदार चिखल, भिजून कोंब आलेले भात, पाऊस जरा उघडला की दोरीवर पडणाऱ्या गोधड्या. अशा त्या घरांपैकी एका घरात आढ्याला टांगलेली पत्र्याची लहानशी पेटी दिसली. घरधनीण म्हणाली, "पाणी उंबऱ्याशी आलं तशी पोरांना माळ्यावर चढवलं आणि मागोमाग ही पेटी. तांदळाची कणगी राहिली खाली."

मी विचारले, "दागिने आहेत काय आत?"

ती हसली. "दागिनं कुठलं, सर? गटाची वही हाय."

त्या वहीविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. बचत गट हा शब्द आता कोणाला नवा नाही. परंतु गटाचा पैसा किती, कर्ज किती, यावरच आपले लक्ष असते. वही कोण लिहिते आणि कोण वाचते, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते गटाचे मर्म तिथेच आहे.

आधी आपल्या मुलखाची परिस्थिती पाहू. पावसाळ्यात इथे पाणी नको नको होते आणि वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. भाताचे पीक वर्षातून एकदा, वरकस जमिनीत नाचणी नि वरी. म्हणून घरटी एकदोन पुरुष मुंबईला. मागे राहते ती बाई, म्हातारी माणसे आणि पोरे. शेत बाई राखते, गुरे बाई पाहते, आजारपण बाई काढते. पूर्वी मनिऑर्डर यायची, आता पैसे मोबाइलवरून येतात. पण किती यायचे आणि केव्हा यायचे, हे पुष्कळ घरांत अजून तिच्या हाती नाही. आषाढात लावणीची घाई, हातात दमडी नाही, आणि नेमके त्याच वेळी पोर तापाने फणफणते. मग ती कोणाच्या दारी जाते, ते आपल्याला ठाऊक आहे.

इथे थोडा हिशेब करू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तो फळ्यावर मांडून पाहावा.

समजा, सावकाराकडून ५,००० रुपये महिना शेकडा ५ दराने घेतले. दरमहा २५० रुपये व्याज. दहा महिन्यांत २,५०० रुपये गेले आणि मुद्दल ५,००० जसेच्या तसे डोक्यावर. आता तेच ५,००० रुपये गटातून शेकडा २ ने घेतले आणि दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडीत गेले तर? पहिल्या महिन्याचे व्याज १००, दुसऱ्याचे ९०, तिसऱ्याचे ८०, असे उतरत उतरत दहाव्या महिन्याचे १०. एकूण व्याज ५५० रुपये, आणि कर्जही फिटले. शिवाय ते ५५० रुपये परक्याच्या तिजोरीत न जाता गटाच्याच पेटीत पडतात. बारा बायकांनी दरमहा शंभर शंभर रुपये टाकले, तर वर्षाला १४,४०० रुपये होतात. रक्कम लहान खरी. पण आषाढातल्या त्या रात्री तिला दुसऱ्याच्या ओटीवर हात जोडून उभे राहावे लागत नाही.

ही कल्पना काही एका दिवसात आली नाही. महाराष्ट्र शासनाने २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. १९९२ साली नाबार्डने देशात ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. २०११ पासून आपल्या राज्यात 'उमेद' अभियान आले. गटाने पाळावयाची पंचसूत्री आज गावोगावच्या बायकांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित दप्तर. बँक कर्ज देण्यापूर्वी हेच पाहते. यातील पहिली चार सूत्रे बायका उत्तम पाळतात. पाचव्याशी गाडी अडते, आणि ती अडवण्यात आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

माझेच उदाहरण देतो. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत मी सुट्टीच्या दिवशी जात असे. तिथल्या गटाने म्हटले, "सर, तुमचं अक्षर चांगलं. वही तुम्हीच लिवा." मलाही बरे वाटले. दोन वर्षे मी ती वही लिहिली. तांबड्या शाईच्या रेघा, बेरजा अचूक, बँकेच्या साहेबांनी पाहून मान डोलवावी अशी! पुढे परीक्षेच्या कामामुळे दीड महिना मला जाता आले नाही. त्या काळात पैसे गोळा झाले, दोघींना कर्जही दिले गेले. पण लिहिले कोणीच नाही. सहाशे रुपयांवरून तंटा झाला. दोन बायका गट सोडून गेल्या. मी गेलो तो रागावूनच. म्हटले, "अहो, निदान कागदाच्या चिठोऱ्यावर तरी लिहून ठेवायचं!" तेव्हा खजिनदार काकी शांतपणे म्हणाल्या, "सर, ती वही तुमची व्हती. आमची कुठं व्हती?"

श्रोतेहो, मी एम. ए. झालेला माणूस, पण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मदत म्हणून जे करीत होतो, त्याने त्यांचा हात अधू होत होता.

दुसरीकडे तर याहून वाईट प्रकार कानी येतात. वही अध्यक्षबाईंच्या यजमानांकडे असते, आणि तपासणीच्या आदल्या रात्री सहा महिन्यांच्या बैठका एका बैठकीत लिहून निघतात. सह्या आधीच घेतलेल्या असतात. बँकेचे कर्ज निघते गटाच्या नावे, पैसा जातो भलत्याच्या खिशात, आणि फेडायची जबाबदारी मात्र साऱ्या बायकांची. बँकेचे पासबुक गटाची एकूण रक्कम दाखवते; त्यात कोणाचे किती, हे फक्त वहीत असते. वही गेली की बाईचा वाटा गेला.

आणखी एक घोटाळा ध्यानात ठेवावा. हल्ली पुष्कळ ठिकाणी खाजगी कंपन्यांचे लोक येऊन बायकांचा 'गट' करतात आणि आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देतात. नाव गटाचेच, पण रीत वेगळी. बचत गटात आधी बचत, मग कर्ज, आणि व्याज गटातच राहते. तिथे कर्ज आधी, आणि व्याज वाडीबाहेर जाते. गरजेला ते कर्ज घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातला आहे की, अशा कर्जदार घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि कर्जाचा तपशील तिला समजेल अशा भाषेत लिहून दिला पाहिजे. तेव्हा मराठी कागद मागावा. मागायला लाजू नये. आणि तो कागद वाचता यावा, म्हणून पुन्हा तीच गोष्ट: अक्षर आणि आकडा.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, हे महाडला कोणी शिकवायला नको. चवदार तळे सर्वांस खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यासाठी मार खावा लागला, पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी चालली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे मुद्दाम वेगळे भाषण केले आणि मुलांप्रमाणे मुलींनाही शिकवा, असे त्यांना सांगितले. समाजाचे पाऊल बाईच्या पावलाबरोबर पडते, हे त्यांनी ओळखले होते. आज पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, गट बायकांच्या नावे आहेत. पण ठराव आणि ओंजळ यांमधले अंतर अजून बाकी आहे.

आणि हातातला हक्क जपावा लागतो. आपल्या मिसळणाच्या डब्यातला हिंग घ्या. त्याचा चीक फार करून अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येतो. त्याच डोंगरांतल्या खेड्यांत २००३ पासून गावविकासाची मंडळे उभी राहिली. त्यांत बायकांना जागा मिळाल्या; जिथे पुरुषांच्या पंगतीला बसणे रीतीत नव्हते, तिथे त्यांच्या वेगळ्या बैठका भरल्या. कोणी कोंबड्या पाळल्या, कोणी भरतकाम विकले, मुली शाळेत जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाची दारे मिटली आणि सेवासंस्थांत काम करायलाही बायकांना मनाई झाली. ज्या संस्था घरोघरी पोचत होत्या, त्यांचे हातच बांधले गेले. एका फर्मानाने वीस वर्षांची बांधणी खिळखिळी होऊ शकते!

तरीही सारेच पुसले गेले नाही. ज्या बाया त्या काळात लिहायला शिकल्या, त्या बंद दाराआड शेजारच्या मुलींना शिकवतात. ८ मार्च २०२१ रोजी काबूलमध्ये बायकांनी चालवलेले 'रेडिओ बेगम' नावाचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. शाळा मिटल्यावर त्याने शाळेचे धडे घराघरांत पोचवले. अक्षराने पोट भरत नाही, हे खरे. पण इमारत काढून घेता येते, अनुदान काढून घेता येते. शिकलेले अक्षर काढून घेता येत नाही.

आपल्याकडे असे फर्मान नाही. आपली अडचण साधी आहे, म्हणून ती दूर न करणे अधिक लाजिरवाणे आहे. शिक्षकांना माझे एवढेच सांगणे, की गटाची वही तुम्ही लिहू नका. लिहायला शिकवा. पाच रकाने पुरतात: तारीख, बचत, घेतलेले कर्ज, फेड, बाकी. प्रत्येकीची स्वतःची लहान पुस्तिका असू द्या, आणि तिला तिचे पान वाचता येऊ द्या. मुलीने आईला आकडे शिकवावे. पण आईच्या जागी बसून लिहू नये.

दुसरे, दर बैठकीच्या शेवटी वही मोठ्याने वाचावी. श्रावणात आपल्याकडे पोथी वाचतात. वाचणारी एक असते, ऐकणाऱ्या पंचवीस. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नसते. पण ओवी चुकली, की मागच्या ओळीतली आजी टोकतेच, कारण पोथी तिला तोंडपाठ असते. गटाची वहीही अशीच वाचली, की लबाडीला जागा उरत नाही.

तिसरे, धंद्याचा हिशेब. रायगडाच्या पायऱ्यांवर ताक नि लिंबूसरबत विकणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. दही, साखर, लिंबे यांचा खर्च त्या मोजतात; हजारावर पायऱ्या हंडा वर नेण्याचे श्रम मोजत नाहीत. आपली मजुरी खर्चात धरायला शिकणे, हे बाईचे निम्मे शिक्षण आहे असे मी समजतो. जी आपल्या श्रमांची किंमत लिहील, तिला उद्या सातबाऱ्यावर आपले नाव का नाही, हेही विचारता येईल.

पोलादपूरच्या त्या वाडीत आम्ही पुन्हा आरंभ केला. सहा महिने वही वेडीवाकडी होती. आकडे रकान्याबाहेर पळत होते. मी हात मागे बांधून बसत असे, आणि खरे सांगतो, ते फार अवघड जात असे. एके दिवशी जुन्या वहीवरून नवीत आकडे उतरताना एक आजी थांबल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या. आकड्यांपलीकडे त्यांना अजूनही फारसे वाचता येत नाही. बोट ठेवून म्हणाल्या, "सर, इथं पन्नास कमी हायत माझं."

मी पाहिले. पान माझ्याच सुंदर अक्षरातले होते, आणि चूक माझी होती.

त्यांचे पन्नास रुपये त्या दिवशी वहीत चढले. ते लिहिले खजिनदार काकींनी, आणि मोठ्याने वाचून दाखवले आजींनी.