कृत्रिम खुबा : धातूचे आयुष्य आणि नोंदीचे मोल
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कामठा येथे दिलेले व्याख्यान)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाची परंपरा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. आज त्या दानाच्या एका दुर्लक्षित अंगाविषयी चार शब्द बोलण्याची इच्छा आहे. सामायिकाला बसवत नाही, तीर्थवंदनेच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून खुब्याचा सांधा बदलून घेणारे वडीलधारे आता आपल्या अनेक घरांत आहेत. 'हा सांधा किती वर्षे टिकेल?' असा प्रश्न त्यांच्या मनात असतो.

आपल्या विदर्भात हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो ऐन तारुण्यात खचू शकतो. सत्तरीतील माणसाला सांधा वीस वर्षे टिकला तर पुरे. पंचविशीतील तरुणाला तो अर्धशतक हवा असतो.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. एका वाटीत गोळा फिरतो. म्हणून कृत्रिम सांध्याचे आयुष्य मुख्यतः या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर अवलंबून असते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नले यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली. १९६२ मध्ये त्यांनी पोलादी गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी यांची जोडी स्वीकारली आणि आधुनिक खुबारोपणाचा पाया घातला गेला. तथापि पॉलिथिलीनचेही सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील पेशी त्या कणांवर तुटून पडतात आणि त्या झगड्यात भोवतालचे हाडच पोखरले जाऊन सांधा सैल होतो. यावर उपाय म्हणून १९७० पासून सिरॅमिकचे गोळे, तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस अधिक चिवट, क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन उपयोगात आले. हाडात रुजणारा दांडा बहुधा टायटॅनियमचा असतो.

नवे ते सारेच हितकर, असे मात्र नाही. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा आणि त्याच धातूची वाटी असलेला डीप्यू कंपनीचा 'एएसआर' सांधा अधिक टिकाऊ म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून त्याचे अंश रक्तात व भोवतालच्या मांसपेशींत उतरू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढाकार घेऊन पोलिसांत फिर्याद दिली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र निश्चित केले. परंतु या प्रकरणातील सर्वांत दुःखद गोष्ट वेगळीच आहे. साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. न्याय त्यांच्या दारी येऊ पाहत होता. दार कोणते, हेच कोणास ठाऊक नव्हते!

याउलट स्वीडनने १९७९ पासून प्रत्येक कृत्रिम खुब्याची राष्ट्रीय नोंद ठेवली. कोणता सांधा लवकर निकामी होतो, हे तेथे नोंदवहीच सांगते. अशाच परदेशी नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात. हे आकडे जुन्या सांध्यांचे आहेत. आजचे सांधे कदाचित अधिक टिकतील. पण त्याची साक्ष काळच देईल, आणि ती लिहून ठेवणारा कोणी असेल तरच.

म्हणून माझी नम्र विनंती तीन गोष्टींची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारावे, की हा सांधा कोणत्या पदार्थाचा आहे आणि किती वर्षांच्या अनुभवावर पारखलेला आहे. घरी परतताना सांध्याच्या वेष्टनावरील चिकटपट्टी, म्हणजे कंपनी, प्रकार, आकार व लॉट क्रमांक, यांची प्रत मागून घ्यावी आणि घराच्या खरेदीखताप्रमाणे जपावी. तिसरे म्हणजे, दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने क्ष-किरण तपासणी करावी, कारण हाड पोखरले जाते ते पुष्कळदा निःशब्दपणे. त्यांची अनुमती मिळेपर्यंत मांडी घालण्याचा वा पंचांग नमस्काराचा आग्रहही धरू नये. खुर्चीवर बसून समभावाने केलेले सामायिक हे सामायिकच होय.

विश्वस्तांनाही एक सुचवावेसे वाटते. यापुढे ज्यांच्या शस्त्रक्रियेस न्यास साहाय्य करील, त्यांच्या संमतीने ही माहिती न्यासाच्या दप्तरी गुप्त राखून जतन करावी. पन्नास वर्षे आपण पै-पैचा हिशेब चोख ठेवला. त्याच निष्ठेने ही एक वही ठेवली, तर उद्या एखाद्या सांध्यात दोष आढळल्यास आपला एकही बांधव बेपत्त्यांच्या यादीत राहणार नाही. दिलेले औषधदान शेवटपर्यंत सांभाळणे, हाही त्या दानाचाच भाग आहे.

जय जिनेंद्र!